कडी लागणारं दार

दुपारी अडीच-तीनच्या सुमारास आमची बाथरूम कोरडी असते. सकाळच्या आंघोळी, धुणं, लादी पुसल्याची बादली, सगळं उरकलेलं असतं आणि संध्याकाळी येऊन हातपाय धुणारी माणसं अजून कामावर असतात. पश्चिमेकडच्या झडपांच्या खिडकीतून त्या वेळी उन्हाच्या आडव्या पट्ट्या आत येतात आणि टाइल्सवरून हळूहळू नळाकडे सरकतात. एरवी या खोलीत आपण असतो ते घाईत, अर्धवट झोपेत, तोंडाला साबण लावून. मी वाळलेलं पायपुसणं ठेवायला गेले होते. ऊन बघून दारातच थांबले, आणि इतकी वर्षं वापरलेली ती खोली बहुधा पहिल्यांदाच नीट बघितली.

डोंबिवलीतली आमची इमारत ऐंशीच्या दशकातली. त्या काळी सगळीकडे असायची तशीच ही बाथरूम: खांद्यापर्यंत पांढऱ्या, वितीहून लहान चौकोनी टाइल्स, खाली मोझॅकची लादी, वर ऑइलपेंट. टाइल्स अजून धडधाकट होत्या, पण त्यांच्यामधले सांधे काळे पडलेले. नळाच्या बुडाशी क्षारांचं खरबरीत कडं. कुणीतरी कधीतरी ठोकलेल्या खिळ्यापासून खाली गंजाचा ओघळ. छताच्या कोपऱ्यात पोपडे. आणि दाराला अशी कडी, की दार दोन्ही हातांनी जरा वर उचलल्याशिवाय ती कोयंड्यात जायची नाही. यातलं काहीच नवं नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असलेलं किती तरी आपण बघायचं सोडून दिलेलं असतं, आणि सोडून दिलंय हेही लक्षात राहत नाही.

घरात पैसे लावायचा एक ठरलेला क्रम असतो. पाहुणे बसतात ती खोली पहिली, मग स्वयंपाकघर, मग पलंग आणि कपाटं. बाथरूमची पाळी येता येता पैसे संपतात, नाहीतर उत्साह. ‘तिथं काय, पाणीच तर ओतायचं’ हे वाक्य मी माहेरीही ऐकलं आणि सासरीही. दिवाळीच्या आधी घराला रंग लागतो तेव्हासुद्धा डब्याच्या तळाशी उरलेला रंग बाथरूमच्या छताला जातो. म्हणून जुन्या घरांमधल्या बाथरूमच्या छतांवर त्या घराच्या सगळ्या रंगांचा इतिहास थरांथरांनी सापडतो. आमच्या पोपड्यांखाली फिकट गुलाबी होता, त्याखाली आकाशी, त्याखाली बिल्डरने मारलेला पांढरा चुना.

बाथरूम दुरुस्त करून घ्यायची ठरल्यावर पहिल्यांदा आला तो कंत्राटदार दारातूनच म्हणाला, “ताई, सगळं उखडून टाका.” मोरबीच्या दोन बाय चारच्या संगमरवरी दिसणाऱ्या टाइल्स, भिंतीत लपवलेली पाइपलाइन, काचेचा आडोसा. त्याच्या मोबाइलमधल्या बाथरूम सुंदर होत्या, खोटं कशाला बोलू. त्यांत एकही बादली नव्हती, दोरीवर वाळणारा एकही कपडा नव्हता. आकडा दीड लाखाच्या वर गेला. मी मनाशी पाच हजार ठरवले होते. लेकीच्या कॉलेजची फी भरून झाल्यावर त्या महिन्यात तेवढेच मोकळे होते.

दुसरे आले ते साठी ओलांडलेले गवंडी. त्यांनी काही बोलायच्या आधी थापीच्या मुठीने एकेक टाइल वाजवून बघितली. आत चुना-सिमेंट धरून असेल तर आवाज भरीव येतो, सुटलेलं असेल तर पोकळ. कान भिंतीशी नेऊन ते खालपासून वरपर्यंत वाजवत गेले आणि नळाजवळच्या टाइल्सवर तेवढी खडूने फुली मारली. मग मगभर पाणी लादीवर ओतलं आणि उकिडवे बसून ते कुठं जातंय ते बघत राहिले. पाणी न अडखळता कोपऱ्यातल्या जाळीकडे गेलं. “उतार चांगला काढलाय त्या वेळच्या माणसानं,” ते म्हणाले. “हे फोडलंत तर असा उतार परत मिळेलच असं नाही.” कुठल्याशा अनोळखी कारागिराच्या कामाबद्दल इतक्या वर्षांनी दुसऱ्या कारागिराच्या तोंडून असं ऐकताना मला फार बरं वाटलं.

पाण्याला वाट काढून देणं हे मुळातच जुनं शहाणपण आहे. मोहेंजोदडोला १९२० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा सगळ्यांचे डोळे गेले ते तिथल्या मोठ्या स्नानकुंडाकडे. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर. मला त्याहून जास्त ओढ वाटते ती तिथल्या साध्या घरांमधल्या न्हाण्यांची. भाजक्या विटा एकीला एक घट्ट भिडवून केलेली फरशी, कोपऱ्याकडे उतार, तिथून गल्लीतल्या गटारात जाणारी वाट. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी असंच उकिडवं बसून पाणी ओतून बघितलं असेल. आमच्या गवंडीमामांना हे सांगितलं तर त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, “सांधे कशानं भरायचे ते लोक?”

आमचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरायचे ठरले. पण त्याआधी सफाई, आणि सफाईत घाई नको असं त्यांनी बजावलं. आपल्याकडे काळी पडलेली बाथरूम दिसली की बाटलीतलं ॲसिड ओतायची पद्धत आहे. फेस येतो, धूर येतो, डाग जातात, आणि आपल्याला वाटतं झालं. पण जो फेस येतो तो डागांबरोबर सांध्यातल्या सिमेंटचाही असतो, मोझॅकमधल्या संगमरवरी खड्यांचाही असतो. लादी खरबरीत होते आणि पुढच्या वेळी मळ अधिक घट्ट धरते. शिवाय त्यावर कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो. कोंदट बाथरूममध्ये दार लावून घासणाऱ्या बाईच्या छातीत तो जातो. घरकामाला येणाऱ्या बायकांच्या हातांची सालं का निघालेली असतात, हे विचारायला आपल्याला फारसं सुचत नाही.

नळाच्या कड्याचा उपाय आईने सांगितला. कल्याण-डोंबिवलीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी आलं की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापून, वाळून असे चिकटून बसतात. खरवडून निघत नाहीत. आईने पिळलेल्या लिंबांची सालं फडक्यात बांधून नळाला रात्रभर गुंडाळून ठेवली. सकाळी कडं भुसभुशीत झालं होतं, जुन्या दातांच्या ब्रशने निघून आलं. खाली पितळेवरचा क्रोमचा मुलामा अजून चकचकीत होता. आई म्हणाली, “न्हाणीतलं तांब्याचं भाण आम्ही चिंचेनं घासायचो, त्यातलीच रीत.”

आई गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे असते, आणि या खोलीकडे मी नव्याने बघायला लागले त्याचं खरं कारण तीच आहे. तिच्या आयुष्यातल्या आंघोळीच्या जागा मला एकीपुढे एक दिसू लागल्या.

लग्न होऊन ती आली वरळीच्या बी.डी.डी. चाळीत. बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टरेटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला या चाळी बांधल्या. मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास मजल्यावर सामाईक. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी होती: गुडघ्याएवढा कठडा, आत शहाबादी फरशी, पाणी जायला भोक, शेजारी पिंप. भांडी तिथंच, कपडे तिथंच, तांदूळ धुणं तिथंच, आंघोळ तिथंच. पुरुषांच्या आंघोळी भर उजेडात, बोलत बोलत, कमरेला पंचा गुंडाळून व्हायच्या. बायकांची वेळ आली की दोरीवर जुनं लुगडं पडायचं आणि बाकीच्यांनी पॅसेजमध्ये जाऊन उभं राहायचं. मला लहानपणी ते बाहेर उभं राहणं आवडायचं, कारण सगळ्या मजल्यावर कुणा ना कुणाच्या घरची अशी मंडळी बाहेर असायची आणि गप्पा व्हायच्या. लुगड्याच्या आत कशी घाई चालू असते ते मला पुढे कळलं.

आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना बाहेर काढता येईना. मग आई पहाटे साडेतीनला उठायची, दिवा न लावता आंघोळ करायची. पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून तांब्या खांद्याला टेकवून पाणी अंगावरून सोडायची, ओतायची नाही. खोलीत इतकी माणसं झोपलेली आणि त्यांच्या मधोमध अंधारात एक तरुण बाई आवाज न करता न्हाते आहे. हे तिने मला आत्ता आत्ता सांगितलं, मेथी निवडताना, सहज. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी मात्र रात्री बराच वेळ जागी होते. तिच्या त्या मोरीला दारच नव्हतं. आता बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास होतो आहे, लोकांना ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. तिथली नवी बाथरूम बघून आलेली आईची एक जुनी शेजारीण फोनवर हॉलबद्दल, लिफ्टबद्दल, गॅलरीतून दिसणाऱ्या समुद्राबद्दल खूप बोलली. आईने तिला एवढंच विचारलं, “दाराक आतसून कडी आसा मां?”

आईचं माहेर कुडाळकडचं. तिथली न्हाणी मी पाहिली आहे. मागल्या दारी चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, कोपऱ्यात चुलीवर कायमचं बसवलेलं तांब्याचं भाण. खाली नारळाची सोडणं आणि वाळक्या झावळ्या पेटायच्या, त्यामुळे भिंती काळ्याभोर आणि पाण्याला धुराचा वास. त्या वासाचं पाणी अंगावर घेतल्यावर कोकणात आल्याची खात्री पटायची. सांडपाणी भिंतीतल्या भोकातून मागच्या केळींना आणि अळवाला जायचं. आजीला कुणाची आंघोळ झाली आणि कुणाची राहिली हे केळीच्या आळ्यावरून कळायचं.

तिकडे नरकचतुर्दशीला चावदिस म्हणतात. त्याच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीची सजावट व्हायची, आणि मला वाटतं, कमी खर्चात न्हाणीघराला नवं रूप देण्याची याहून सुंदर पद्धत मी कुठं पाहिली नाही. आधी भिंती झाडून जळमटं काढायची, फरशी खराट्याने घासायची. भाण चिंचेने आणि राखेने असं घासायचं, की चुलीच्या उजेडात त्यात आपला चेहरा लांबट दिसावा. मग त्याच्या गळ्यात झेंडूची माळ आणि कारिटाची वेल, चुलीभोवती रांगोळी, आणि ताजं पाणी काठोकाठ भरून ठेवायचं. विकत आणलेलं त्यात काहीच नसायचं. पहाटे तेल-उटणं लावून काळोखात न्हायचं, तुळशीपाशी अंगठ्याखाली कारीट फोडायचं, कडू बी जिभेला लावायचं. एरवी वर्षभर धुराने काळी राहणारी ती खोली त्या एका रात्री घरातली सगळ्यांत नटलेली खोली असायची. देवघराआधी तिची सजावट पुरी करायची अशी आजीची शिस्त होती. आम्ही मुलं झोपायच्या आधी पणती घेऊन ती पुन्हा पुन्हा बघायला जायचो.

आंघोळीच्या जागेची आठवण काढली आणि ‘श्यामची आई’ आठवली नाही असं मराठी माणसाचं होत नाही. १९३५ साली आलेल्या त्या पुस्तकातली पायांना घाण लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते, आणि आईने त्याला मनाबद्दल काय सांगितलं तेही. शाळेत आम्हाला त्यावर नेमाने प्रश्न यायचा. मोठी झाल्यावर वाचताना मात्र माझं लक्ष दुसरीकडेच जातं. पोर धोंडीवर न्हायलं आहे, तळवे ओले आहेत, आणि पाय टेकायला कोरडं असं काही नाही. आई आपलं नेसूचं लुगडं धोंडीवर पसरते. त्या माउलीजवळ तेवढंच होतं. आंघोळीनंतरचं पहिलं पाऊल कोरड्या जागी पडावं, ही केवढी साधी आणि केवढी खरी इच्छा आहे. मी पाच हजारांच्या यादीत सगळ्यांत वर लिहिलं ते लाकडी पट्ट्यांचं फळकूट. सुताराने दुसऱ्या कुणाच्या खिडकीतून निघालेल्या सागवानाचं करून दिलं. पट्ट्यांमधून पाणी खाली जातं, वर पाय कोरडा राहतो, आणि आईला ओल्या मोझॅकवर घसरायची भीती वाटत नाही.

मग बाकीचं होत गेलं. गवंडीमामांनी हॅकसॉच्या पात्याने सांधे कोरून काढले, ब्रशने धूळ झाडली, सांधे ओले केले आणि घट्ट कालवलेलं पांढरं सिमेंट रबराच्या तुकड्याने दाबून भरलं. टाइल्सवर पसरलेलं सिमेंट तिरक्या हाताने पुसायचं, सरळ पुसलं तर सांध्यातलं निघून येतं, हे त्यांनी लेकीला शिकवलं. तिने एक पूर्ण भिंत केली. फुली मारलेल्या टाइल्स काढून तिथं काय लावायचं हा प्रश्न होता, कारण त्या मापाच्या पांढऱ्या टाइल्स आता मिळत नाहीत. भंगार आणि उरलासुरला माल विकणाऱ्या एका दुकानात गडद निळ्या सापडल्या, माप जवळपास तेच. नळाच्या मागे आता निळा चौकोन आहे. येणारा-जाणारा विचारतो, हे डिझाइन कुणी केलं. नव्या सांध्यांवर दोन दिवस पाण्याचा हलका शिडकावा करायचा आणि तोवर आंघोळीला शेजारी जायचं. शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी आईसाठी नवा टॉवेल काढून ठेवला होता.

जाळीतून दुर्गंधी यायची, तीही थांबली. प्लंबर लोक ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात त्याच्या वाकणात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि तेच गटारातली हवा अडवतं. आमच्याकडे त्यात केस आणि साबणाचा गाळ अडकून पाणी धड राहतही नव्हतं आणि धड जातही नव्हतं. तो साफ करायला पैसे पडले नाहीत.

वरच्या भिंतीला ऑइलपेंट नको असं मी ठरवलं. खरवडून, ओल सुकू देऊन, पुन्हा चुना लावला. चुना क्षारी असतो, त्यावर बुरशी सहज धरत नाही. गावाकडे दर वर्षी चुन्यात थोडी नीळ घालून भिंती रंगवायचे ते काही नुसतं पांढरं दिसावं म्हणून नव्हे. लेकीला नीळ जास्त हवी होती, आईला कमी. झाला तो रंग कुठल्याही दुकानाच्या पुस्तकात सापडणार नाही. झडपांच्या काचा काढून धुतल्या, तर खिडकीबाहेरचं शेवग्याचं झाड दिसायला लागलं. ते तिथं होतंच, इतकी वर्षं.

उजेडाबद्दल मात्र मी हटून बसले. आमच्याकडे ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा होता. त्या निळसर प्रकाशात माणसाला आपला चेहरा रोज सकाळी आजारी दिसतो. खोक्यावर ३००० लिहिलेला ९ वॉटचा एलईडी आणला. होल्डरची लोंबती वायर वायरमनकडून नीट करून घेतली, कारण ओल्या खोलीत विजेशी काटकसर करायची नसते. त्या पिवळसर उजेडात पांढऱ्या टाइल्सही जुन्या घरातल्या वाटतात. आरसा पहिल्यापासून माझ्या नवऱ्याच्या उंचीला लावलेला होता. घरातल्या बायका त्यात कपाळापर्यंत दिसायच्या. आईला तर फक्त स्वतःचे पांढरे केस दिसत असतील. आरसा वीतभर खाली आणला, तेव्हा नवरा म्हणाला, “मी वाकेन की.” त्याचं ते वाक्य मला आवडलं.

टाइल्स वाजवून भरीव निघालेल्या जागी स्टीलची दांडी बसवली. पोकळ टाइलवर अशी दांडी कधी बसवू नये, भार आला की सगळंच हातात येतं. ती धरून आई आता एकटी उभी राहते. “मी आत येऊ का?” असं मी रोज दाराबाहेरून विचारायची ते बंद झालं. तिला मदत हवी असते तेव्हा ती हाक मारते.

आणि कडी. यादीतली सगळ्यांत स्वस्त वस्तू तीच, दीडशे रुपयांची पितळी कडी. त्यासाठी आधी दाराच्या बिजागऱ्या घट्ट करून दार वर घ्यावं लागलं, खालून थोडं रंधावं लागलं. आई स्टूल टाकून सुतारासमोर बसली होती. काम झाल्यावर उठली, आत गेली, कडी लावली, काढली, परत लावली. मग बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही. पाणीही वाजलं नाही. आम्ही बाहेर एकमेकांकडे बघत होतो, पण कुणी हाक मारली नाही. ती बाहेर आली आणि मला म्हणाली, “आता बरा झाला गो.”

आमच्यासारख्या घरांत बाईला दार लावून घ्यायला तेवढी एकच खोली असते. स्वयंपाकघराला दार नसतं, असलं तरी ते लावायचं नसतं. झोपायची खोली दोघांची, कधी चौघांची. दुपारी जरा डोळा लागावा म्हणून दार लोटलं तर कुणीतरी काहीतरी विचारायला येतंच. बाथरूमचं दार मात्र कुणी ढकलत नाही. किती बायकांनी तिथं नळ सोडून रडून घेतलं असेल, किती जणींनी तिथं पहिल्यांदा मोठ्याने गाणं म्हणून बघितलं असेल. माझी एक मैत्रीण नोकरीच्या मुलाखतीची सगळी तयारी बाथरूमच्या आरशासमोर करायची, कारण घरात इंग्रजी बोलताना तिला लाज वाटायची. मुली तिथं आपलं बदलणारं शरीर बघतात, म्हाताऱ्या बायका आपलं म्हातारपण. अंगावर काहीही नसताना, कुणाचीही कोण नसताना माणूस तिथं थोडा वेळ असतो. त्या थोड्या वेळात समोर काय दिसतं, काळे सांधे आणि गंजाचा ओघळ की निळा चौकोन आणि शेवग्याचं झाड, याने फरक पडतो असं मला मनापासून वाटतं. तिथं लावलेल्या पैशाला चैन म्हणायला माझं मन तयार होत नाही.

लेक आता रोज आंघोळीला अर्धा तास घेते. पूर्वी मी दार वाजवायची. हल्ली टँकरचा दिवस असला तरच वाजवते.

पाच हजारांतले चारशे-साडेचारशे रुपये उरले आहेत आणि त्यांवरून घरात चर्चा चालू आहे. नवऱ्याच्या मते हवा खेळायला एक लहान एक्झॉस्ट पंखा हवा, पण तो एवढ्यात बसत नाही. लेकीला खिडकीत मनीप्लांट ठेवायचा आहे. ओल आणि मंद उजेड त्याला चालतो, शिवाय काकूंकडून फांदी फुकट मिळेल, मग पैसे कशाला, असा तिचाच युक्तिवाद. आईला एक फळी हवी आहे. तिच्यावर खोबरेल तेलाची वाटी, तिची शिकेकाईची डबी आणि काढलेल्या बांगड्या ठेवायला. सुतार रविवारी येतो म्हणालाय. फळी लावायची हे ठरल्यात जमा आहे, किती उंचीवर ते ठरत नाही. आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. लेक म्हणते, इतकी खाली लावली तर माझं डोकं आपटेल. गवंडीमामांना फोन केला तर ते म्हणाले, “ज्या टाइलवर लावायची ती आधी वाजवून बघा.” काल संध्याकाळी आम्ही तिघी खडू घेऊन आत गेलो आणि आपापल्या सोयीच्या उंचीवर एकेक रेघ मारून ठेवली. तिन्ही रेघा अजून तिथं आहेत. तिघींच्या आंघोळी झाल्या, तरी कुणीही त्या पुसल्या नाहीत.